बिनवासाचं औषध

"एकदा जरी खोकलीस ना आई, तरी दुकान शिंप्याला," असं बजावून लेक दारातच स्टूल टाकून बसली. शिंपी सकाळीच येऊन भिंती मोजून गेला होता. जाता जाता शिलाई मशीन कुठे बसवायचं तेही ठरवून गेला, भला माणूस.

जुन्या फर्निचरचा रंग काढण्यात आईची उभी हयात गेली होती, आणि रंग काढायच्या त्याच औषधाच्या उग्र वाफेने गेल्या वर्षी तिला दवाखान्यात झोपवलं होतं. पण घरी बसून भाजी निवडत राहायचं म्हणजे तिला शिक्षाच. तिने हातमोजे चढवले, चष्मा लावला आणि नव्या डब्यातलं प्रॉपिलीन कार्बोनेट नावाचं औषध कपाटाच्या दारावर सढळ हाताने फासलं. वर प्लास्टिक पसरलं.

लेकीने नाक पुढे केलं. "वासच नाही याला."

"नाहीच. पटकन उडूनही जात नाही. लिपस्टिकमध्येसुद्धा घालतात म्हणे."

"मग रंग कसला निघतोय याने."

जुनं औषध बघता बघता रंगाला फोड आणायचं. अर्ध्या तासाने लेकीने प्लास्टिक उचलून रंग खरवडायचा पत्रा घासून पाहिला. रंग ढिम्म. "पाणी विकलंय तुला कोणीतरी," ती म्हणाली. म्हणताना तिचा आवाज मऊ झाला, आणि तेच आईला जास्त लागलं. वाट बघणं हा तिचा प्रांतच नव्हता. लेकसुद्धा दिवस भरायच्या आत झाली होती. पण आज ती हाताची घडी घालून बसून राहिली.

जेवणं झाली. ऊन दारातून भिंतीवर चढलं. शिंप्याचा फोन आला, येऊ का म्हणून. लेकीने एकदा आईकडे पाहिलं आणि "या" म्हणाली.

आई उठली. प्लास्टिक बाजूला केलं, पत्रा तिरपा धरला आणि ढकलला. हिरवा रंग सायीसारखा गोळा होत आला. त्याच्यामागोमाग खालचा पिवळा, त्याच्याही खालचा कुठलासा लाल. आईला हसू आवरेना. दार पार खालपर्यंत सोलून तिने ते ओल्या फडक्याने पुसलं आणि एका कोपऱ्यावर पॉलिश पेपरचा हात फिरवला.

मग ती वाकली, उघड्या लाकडाला नाक टेकवलं आणि छाती भरून श्वास घेतला. लेक उभीच राहिली. खोकला आता येईल, मग येईल. तो काही आला नाही. तिने फोन लावला. "दादा, येऊ नका. दुसरी जागा बघा."

आईचं नाक अजून लाकडावरच होतं.

"देवदार आहे गं," ती म्हणाली. "एवढी दारं सोलली मी, पण लाकडाचा वास आज पहिल्यांदा आला."