मणकेतोड गाडी

दक्षाने गाडीच्या काचेवर टकटक केलं. आत नविन मोबाइलमध्ये बघून केस नीट करत होता. नव्या गाड्या चालवायच्या आणि त्या कशा आहेत ते कॅमेऱ्यासमोर सांगायचं, हा त्याचा धंदा. लाखो लोक त्याचं ऐकून गाडी घेत किंवा घेत नसत. आज तो मुंबईहून एक चकचकीत गाडी घेऊन बोर्डीच्या किनाऱ्यावर आला होता, कारण समुद्रासमोर कुठलीही गाडी चांगलीच दिसते.

काच खाली झाली. तुम्ही ज्या गाडीला मणकेतोड म्हणालात ती माझी आहे, असं दक्षाने सरळ सांगून टाकलं आणि सुरूच्या झाडाखाली उभी असलेली आपली पांढरी सात सीटची गाडी दाखवली.

नविन हसला. अशी माणसं त्याला रोज भेटत. आपला तो बाब्या, त्याला नावं ठेवलेली कुणाला आवडतात? त्याने तिला समजावून सांगितलं. मागच्या स्प्रिंगा फार कडक आहेत, खड्ड्यात गाडी उडते, पाठीची वाट लागते. तीन दिवस त्याने ती स्वतः चालवली होती. त्यात खोटं काहीच नव्हतं. दक्षाने सगळं ऐकून घेतलं.

"तुमी चालवली तवा मागं कोण बसलं होतं?"

"मागे? कोणीच नाही. मी एकटाच होतो."

"आनि सामान?"

"कॅमेऱ्याची बॅग."

"रिकामी हातगाडी पन उडते, दादा," दक्षा म्हणाली. "उद्या सकाळी नरपडला या. आमच्यासंगं तलासरीच्या बाजाराला चला."

नविनला तेवढंच हवं होतं. मालकिणीच्याच गाडीत बसून कंबर धरून उतरायचं, याहून चांगला व्हिडिओ कुठला? तो लगेच हो म्हणाला.

दक्षाला त्या रात्री जेवण गेलं नाही. दोन वर्षं तीच गाडी तिच्या बचत गटातल्या बायकांची मासळी बाजाराला नेत होती. आता गटाला दुसरी गाडी घ्यायची होती आणि दक्षाचं म्हणणं होतं, हीच घ्या. पण नविनचा व्हिडिओ घराघरात पोचला. ज्या बायका या गाडीत बसून दोन वर्षं सुखाने गेल्या-आल्या, त्यांचीही पाठ व्हिडिओ बघितल्यावर दुखायला लागली. पोरं गाडीला मणकेतोड म्हणून हाका मारायला लागली. दक्षाला ते फार लागलं. गाडी तिची होती, पण त्याहून जास्त, शब्द तिचा होता.

गटात शेवटचा शब्द बुधीबाईचा. चाळीस वर्षं डोक्यावर पाट्या वाहिलेली ही बाई कुणाच्या भिडेला पडत नसे. ती म्हणाली, माझ्या कमरेला विचारू नका, ती केव्हाच गेली. ज्याला गाडीतलं कळतं तोच येतोय ना? मग त्या वाटेवर तो तोंडाने जे बोलेल ते गट करेल.

सकाळी नविन आला तेव्हा गाडी भरणं चालू होतं. मागच्या सीटा काढून टाकल्या होत्या. तिथे ताडपत्री, तिच्यावर बर्फाची खोकी, बोंबील, मांदेली, कोळंबीच्या पाट्या आणि कडेला सुक्या मासळीची पोती. गाडी वीतभर खाली बसली. गटातल्या ठकीने आपली जागा नविनला दिली, पाटी मात्र पाठवली. बुधीबाई पुढे बसली. मधल्या सीटवर संगीता आणि चिमी यांच्यामध्ये नविन मोबाइल सरसावून बसला. वासाने आधी त्याने नाक मुरडलं, पण बाहेर बघत राहिला.

कैनाडच्या पुढे रस्ता सुरू झाला म्हणण्यापेक्षा संपला म्हणणं बरं. डांबर कुठेकुठे, खड्डे सगळीकडे. पहिला मोठा खड्डा आला. चाक आत गेलं, बाहेर आलं. मागे बर्फ थोडा सरकला. बाकी काही नाही. दुसरा खड्डा गेला. मग मोजायचं तिने सोडून दिलं.

नविनचा आवाजच येईना म्हणून तिने आरशात बघितलं. मोबाइल त्याच्या मांडीवर पडला होता. त्याचं डोकं चिमीच्या खांद्यावर होतं आणि तोंड उघडं. संगीता काहीतरी बोलणार होती, पण बुधीबाईने वळून ओठांवर बोट ठेवलं. नरपडच्या चार मासळीवाल्या बाजाराच्या वाटेवर अर्धा तास गप्प बसल्या, हे गावात सांगितलं तर कुणी खरं मानणार नाही. त्या अर्ध्या तासात दक्षाने आयुष्यात चालवली नसेल इतक्या आनंदाने गाडी चालवली. एकही खड्डा चुकवायचा तिने प्रयत्न केला नाही.

तलासरी जवळ आली. खड्डे मागे राहिले, रस्ता साफ झाला, हायवेवरच्या ट्रकचे हॉर्न ऐकू यायला लागले. त्या आवाजाने नविन दचकून जागा झाला. त्याने हनुवटी पुसली, मोबाइल चाचपला, खिडकीतून मागेपुढे बघितलं. बुधीबाई पूर्ण वळून त्याच्याकडे बघत होती. दक्षाची नजर आरशात होती. आता तो काय बोलतो यावर सगळं होतं.

"खराब रस्ता सुरू झाला की मला उठवा हं, ताई," नविन म्हणाला, आणि त्याने पुन्हा डोळे मिटले.