निघालाच आहे माणूस

घरात कुणी राहत नाही असं परस्पर ठरवून नव्या स्मार्ट मीटरनं सकाळीच वीज तोडली होती. बंद फ्रिजमध्ये सासऱ्यांचं इन्सुलिन पडून होतं. हेमांगीनं वैतागून वीज कंपनीला पुन्हा फोन लावला आणि पलीकडून पुन्हा तिचाच आवाज आला. तिला तक्रार केंद्रातल्या नोकरीवरून काढताना कंपनीनं तिचा आवाज तेवढा उत्तरं देणाऱ्या यंत्रासाठी ठेवून घेतला होता.

"ताई, चिडू नका ना."

"अगं बये, हा लाडीक सूर माझाच आहे! मला काय गुंडाळतेस? वीज जोड आधी!"

"तुमचा त्रास समजतो मला."

"डोंबल समजतो! साहेबांना फोन दे."

आवाज एकदम घरच्यासारखा झाला. "खरं सांगू का ताई, साहेबांनीच माणूस पाठवलाय. निघालाच आहे तो."

हेमांगीनं फोन आपटला. गिऱ्हाईक फारच डोक्यावर बसलं की ती हेच म्हणायची. तिच्या अख्ख्या नोकरीत तो माणूस एकदाही निघाला नव्हता.

"काय गं, येतोय ना कुणी?" आतून सासऱ्यांनी धास्तावून विचारलं.

शेजारी बर्फ मागायला निघालेली हेमांगी दारातच थबकली.

"खरं सांगू का बाबा," ती म्हणाली, "निघालाच आहे."