भाऊसाहेबांचा पासवर्ड

पडद्यावर पुन्हा तीच चौकट आली. वर 'दादासो' हे नाव, खाली पासवर्डची रिकामी पट्टी.

"घ्या, भाऊसाहेब," कॉम्प्युटर दुरुस्तीला आलेला अनीश म्हणाला आणि खुर्ची मागं सरकवून उठला. सकाळपासून ही पाचवी वेळ.

दादासो भाऊसाहेब पुढं झाले. डाव्या पंजानं कीबोर्ड झाकला, उजव्या हाताच्या एका बोटानं पासवर्ड मारला आणि परत बाकावर जाऊन बसले. बाकावर, कारण खुर्ची आता त्यांची नव्हती. या हायस्कूलच्या क्लार्कच्या जागेवरून ते चौदा महिन्यांपूर्वी निवृत्त झाले होते. कॉम्प्युटर मात्र त्यांना निवृत्त करायला अजून तयार नव्हता.

आणि कॉम्प्युटर तरी काय म्हणायचा त्याला! विंडोज सेव्हन, बारा वर्षांचा. सुरू होईपर्यंत माणसाचा चहा पिऊन होतो. पण शाळेचं सगळं रजिस्टर त्याच्या पोटात, आणि ते सॉफ्टवेअर दुसऱ्या कशावर चालत नाही. नवा प्रिंटर आणला, तर त्याचा ड्रायव्हर बसेना. एक म्हणे या विंडोजसाठी नाहीच, दुसरा अर्ध्यावर अडकला, तिसरा म्हणे आधी दुसरा काढा. बसवायला परवानगी, काढायला परवानगी, आणि परवानगी द्यायचा हक्क एकट्या दादासोंच्या नावाला. साताऱ्याहून रहिमतपूरची एसटी धरून अनीश या महिन्यात तिसऱ्यांदा आला होता. त्याची कंबर धरली होती, डोकंही धरलं होतं. खिडकीबाहेर दाखल्यासाठी दोघं-तिघं ताटकळत होते.

"भाऊसाहेब, पासवर्ड सांगून टाका ना एकदाचा," मुख्याध्यापिका अंजना मॅडम म्हणाल्या. "तुम्हालाही हेलपाटा नको."

"सांगतो की. चार्जच्या यादीत लिवून देतो," भाऊसाहेब म्हणाले. "पर चार्ज असा बाकावर बसून देत्यात व्हय, मॅडम? निरोपाच्या दिवशी द्यायचा असतो, चार माणसांदेखत. एकतीस वर्सं समद्यांचे निरोप मीच केले. हार मी आणायचा, नारळ मी आणायचा, खुर्च्याबी मीच मांडायच्या."

मॅडमनी मान खाली घातली. चूक तरी कुणाची म्हणायची? भाऊसाहेबांची जन्मतारीख एक जून. त्या काळी गुरुजींनी निम्म्या गावाला तीच लावून दिलेली. त्यामुळं निवृत्ती आली एकतीस मेला, भर उन्हाळ्याच्या सुट्टीत. शाळेत चिटपाखरू नाही. भाऊसाहेबांनी ऑफिसला कुलूप घातलं, चाव्या शिपायाच्या घरी दिल्या आणि एकटेच घरी गेले. शाळा उघडल्यावर करू, गणपती झाले की करू, असं म्हणता म्हणता समारंभ राहिला तो राहिलाच.

"करायचाय हो आपण," मॅडम म्हणाल्या.

"व्हय, करू की," भाऊसाहेब म्हणाले आणि पाणी प्यायला नळावर गेले.

मॅडम अनीशजवळ सरकल्या. "याला दुसरा काही मार्गच नाही का रे?"

"आहे." अनीशनं डोळे चोळले. "पेन ड्राइव्ह लावला की पासवर्ड उडतो. दहा मिनिटं लागतात."

"अरे देवा! मग दरवेळी मला त्यांना फोन का करायला लावतोस?"

अनीशनं रिकाम्या बाकाकडं बघितलं. "ते इस्त्रीचा सदरा घालून येतात, मॅडम. माझ्यानं नाही होत."

एवढ्यात दोघांचंही लक्ष दाराकडं गेलं. भाऊसाहेब तिथंच उभे होते. तोंडावरून कळत होतं, सगळं ऐकलेलं. मॅडमना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"धा मिन्टं?" भाऊसाहेब म्हणाले.

"तसं नाही हो. तुमच्याशिवाय खरंच..."

"आता लबाड नगं बोलू गड्या. लय केलंस माझ्यासाठी." त्यांनी ओले हात सदऱ्याला पुसले. "मला वाटत व्हतं, माझ्याबिगर हितलं काम अडतंय. फोन आला की उसाचं पाणी तसंच सोडून पळत येतोय मी. आन् हितं तुमी माझी समजूत काढताय."

खिडकीतल्या माणसांनी तोंड फिरवलं.

भाऊसाहेब येऊन खुर्चीवर बसले. या वेळी त्यांनी कीबोर्ड झाकला नाही. पासवर्ड मारला, आणि काय गंमत, तिसरा ड्रायव्हर मुकाट बसला. प्रिंटरनं घरघर करत पहिला दाखला बाहेर टाकला. त्याचं कुणाला कौतुक वाटलं नाही.

"आता मॅडमच्या नावाला समदा हक्क दे," भाऊसाहेब म्हणाले. अनीशनं दिला.

"आन् माझं नाव काढ त्यातनं."

"राहू दे की, भाऊसाहेब. त्याचं काही ओझं होत नाही."

"काढ म्हन्तो न्हवं."

अनीशनं मॅडमच्या नावानं कॉम्प्युटर उघडला, दादासोंच्या नावावर गेला आणि नाव काढायचं बटण दाबलं. नवी चौकट आली. तो तिथंच थांबला.

"आता काय म्हन्तंय ते?"

"विचारतंय," अनीश म्हणाला, "दादासोंचं नाव जातंय, तर त्यांच्या फायली ठेवायच्या, का त्याही काढून टाकायच्या?"

भाऊसाहेब पुढं वाकले. ती दोन ओळींची चौकट त्यांनी सावकाश वाचली, परत एकदा वाचली.

"बघा मॅडम," ते म्हणाले, "जाताना मला कायतरी इचारलं, ते ह्यानंच."