उलटी अक्षरं

छपाईच्या लिबलिबीत जेल प्लेटवरच्या ओल्या निळ्या रंगातच शालनने ‘लवकर बरे व्हा’चा रबरी शिक्का दाबला, वर कागद थापला, उचलला आणि कपाळावर हात मारला. अक्षरं उलटी उमटली होती. आधी नुसता रंग कागदावर घ्यायचा, तो वाळला की मग शिक्का, हे वर्गातल्या बायकांना शिकवणारी तीच! पण रात्रभर नवऱ्याची कूस बदलायची आणि दिवसा भेटकार्डं करायची, तर डोकं कुठून चालणार?

“बघा, गेला कागद वाया!” कागद उंच धरून ती करवादली.

दिगंबरराव तिच्याकडे पाठ करून, कपाटाच्या आरशात बघत पडले होते. पक्षाघातानंतर त्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

आरशात अक्षरं सुलटी दिसत होती.

“लव...कर... बरे... व्हा,” त्यांनी अडखळत वाचलं.

शालन वळसा घालून त्यांच्यासमोर आली.

“मग व्हा ना हो,” ती म्हणाली.