पेंटरची पोरगी

"हार घालू नगं, पोरी!"

भुजंगकाकांनी उज्वलाचं मनगट धरलं. झेंडूचा हार तिच्या हातातच राहिला. खाली मंडपात उद्घाटनाचा माईक तपासणं चाललं होतं. वरच्या दालनात हे दोघंच होते, आणि समोर भिंतभर ती मुलगी.

दालन मडिवाळप्पा पेंटरचं. लातुरात हे नाव ऐकलं नाही असा माणूस दाखवा! दुकानांच्या पाट्या त्याच्या, ट्रकांमागचे मोर त्याचे, आणि क्लासेसचं पेव फुटलं तेव्हा गल्लोगल्लीचे बोर्डही त्याचेच. पण लोक त्याला हात जोडतात ते वेगळ्याच कामासाठी. भूकंपात घरंच्या घरं गेली आणि कित्येकांचा साधा फोटोही मागे उरला नाही. मडिवाळप्पा पत्र्याच्या शेडांमधून हिंडला. "नाक कसं होतं? हसताना डोळे बारीक व्हायचे का?" असं विचारत विचारत त्यानं न पाहिलेली माणसं कागदावर उतरवली. चित्र बघून म्हाताऱ्या बाया "आलास व्हय रे!" म्हणत हंबरडा फोडायच्या. काय हात होता बाबा त्याचा!

दालनातली सगळ्यात देखणी चित्रं मात्र एकाच मुलीची. घारे डोळे, हनुवटीवर तीळ. पहिल्या चित्रात ती उंबऱ्यावर बसलेली, जेमतेम तीन वर्षांची. मग दर चित्रात थोडी मोठी. गणवेशात, सायकलवर, एका चित्रात केस अगदी बारीक कापलेले, एकात क्लासच्या गर्दीत दप्तर छातीशी धरून. शेवटच्या चित्रात साडी, हातात खडू, मागे फळा. आयोजकांनी खाली पट्टी लावली होती, 'कलावंताची कन्या'.

आता पेंटरला मुलगी एकच, ती उज्वला. एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. निकालाच्या दिवशी पोरांच्या आईबापांना हार घालून स्टेजवर उभं करायचं काम तिच्याचकडे. सकाळपासून जो तो तिला म्हणत होता, "लहानपणी किती गोड होतात हो मॅडम!" आणि ती हसून गिळत होती. कारण चित्रातली मुलगी ती नव्हतीच. हिचे डोळे काळेभोर, तीळ तर नाहीच. फ्रॉक तिचे, सायकल तिची, साडीसुद्धा तिचीच, चेहरा मात्र दुसरीचा.

दर वर्षी शाळा सुरू झाली की बाप म्हणायचा, "उभी राहा गं दारात." एक डोळा मिटून तिला डोक्यापासून पायापर्यंत बघायचा. आता आपलं चित्र होणार म्हणून ती हरखून जायची. आणि व्हायचं त्या दुसरीचं. "अप्पा, माझं कधी?" विचारलं तर म्हणायचा, "तू तर समोर हायेस की." लोक कुजबुजायचे. आई विषय बदलायची. आपल्या बापाचा जिच्यावर एवढा जीव, ती ही बाहेरची कोण? हे तिला जन्मभर सलत होतं. गेल्या साली बाप गेला, तोही न सांगताच.

म्हणून पाहुणे वर यायच्या आत तिनं बापाच्या फोटोला घालून उरलेला हार उचलला होता. चित्राला हार म्हणजे माणूस गेलं. घालावा हिला आणि संपवावी एकदाची, असं तिच्या मनात आलं होतं.

तेवढ्यात हे भुजंगकाका मध्ये आले. औशाच्या पुढचे, किल्लारीच्या बाजूचे शेतकरी. दर वर्षी गणपती बुडाले की ज्वारीची थैली घेऊन पेंटरच्या दुकानात यायचे, चित्रांपुढे बसून राहायचे आणि न बोलता निघून जायचे. उज्वला त्यांना बापाचे दोस्त समजायची.

"का नको?" ती फणकारली. "कोण लागते ही तुमची?"

काका मटकन खाली बसले. "माझी नागू हाय ती. भूकंपात गेली. तीन वर्साची व्हती."

उज्वलाचा हात खाली आला.

"तुझ्या अप्पानं तिचं पहिलं चित्र काढलं. हार घालायला माझा हातच उठंना. म्हनलं, पेंटर, हिला वाढवा. असती तर केवढी झाली असती, तेवढी सालाला एकदा दावा मला. ती न्हाई, हे कुनापशी बोलायचं न्हाई, ही शपथ म्याच घातली त्याला. घरी माझ्या बायकूला, गुणाबाईला सोसंना, म्हणून चित्रं हितंच ऱ्हायली." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "तुझ्याच वयाची व्हती. नाक-डोळे म्या सांगितले. पण वाढ कुठून आणावी? ती तुझी घेतली त्यानं."

उज्वलाची नजर बारीक केसांच्या चित्रावर गेली. "टायफॉइडमध्ये माझे केस कापले होते..."

"हाव. तवा मी अनवाणी माहूरला गेलतो. रेणुकामायला म्हनलं, पेंटरच्या पोरीला वाचव. तिला काय झालं तर माझी दुसऱ्यांदा जाईल."

उज्वलाला रडू आवरेना. एवढी वर्षं बाप तिलाच तर बघत होता. आणि एकटा बापच नाही.

जिन्यावर पावलं वाजली. पाहुणे आले, त्यांच्यामागे क्लासची पोरंपोरी. सगळ्यांत पुढे आयोजक रुद्राणीबाई. जमिनीवर बसलेला म्हातारा बघून त्या थबकल्या.

"मॅडम, हे कोण?"

उज्वलानं काकांना हात देऊन उठवलं. हातातला हार त्यांच्या गळ्यात घातला आणि भिंतीकडे बोट केलं.

"मुलीचे वडील."