वाईट हात

बेसबॉलच्या सामन्याआधीच्या सरावात एमिल कुबातने डाव्या मैदानाच्या भिंतीपाशी उभं राहून दिवसातली आपली एकुलती एक फेक केली. चेंडू टप्पा न पडता थेट घरच्या बेसवर, जिथे पोचलं की धाव मिळते तिथे, कॅचरच्या हातात बसला. पाहुण्या संघाच्या बाकावरून कुणीतरी धास्तावून शीळ घातली.

"वाईट हात आहे रे बाबा म्हाताऱ्याचा!"

एमिलला हेच ऐकायचं होतं. मे महिन्यात त्याच्या उजव्या खांद्यात काहीतरी तुटलं होतं. तेव्हापासून दिवसाला अशी एकच फेक त्यात उरली होती, आणि ती तो समोरच्यांना दाखवण्यासाठीच खर्ची घालायचा. ती पाहिल्यावर, चेंडू एमिलकडे असताना पुढे पळायची कुणाची छाती होत नसे. झाकली मूठ सव्वा लाखाची. उघडली असती तर आठवड्याभरात नारळ मिळाला असता, आणि छत्तिसाव्या वर्षी बापामागे कोळशाच्या खाणीत उतरावं लागलं असतं.

त्यामुळे तो सगळ्यांवर संशय घ्यायचा. मॅनेजर गस मॅकार्डलने शाबासकीची थाप दिली, तर ती नेमकी उजव्याच खांद्यावर का दिली, यावर तो दोन दिवस काथ्याकूट करी. खांद्याला चोळायचं कापराचं मलमसुद्धा तो परगावी सामना असला की चोरून आणायचा.

आपल्या संघाची फलंदाजी आली की ग्लोव्ह तिथेच गवतावर टाकून यायचं, अशी तेव्हाची रीत होती. मग त्याच जागी समोरच्यांचा डेल्मर प्रुइट येऊन उभा राहायचा. तोही एमिलसारखाच दहा-बारा उन्हाळे या मैदानांवर काढलेला. दुपारभर दोघांचे ग्लोव्ह आळीपाळीने एकमेकांच्या राखणीत असत.

आठव्या डावात एमिलने ग्लोव्हमध्ये हात घातला आणि बोटांना काहीतरी टणक लागलं. ग्लोव्हमध्ये बेडूक ठेवायची थट्टा त्याच्याशी अनेकांनी केली होती. हा बेडूक नव्हता. पत्र्याची चपटी डबी होती, त्याच मलमाची.

म्हणजे कळलं! पण एकट्या डेल्मरला, की सगळ्या बाकाला? चिडवतोय की धमकावतोय? पाठ वळवून त्याने झाकण उचकटलं. डबी अर्धी संपलेली होती, आत बोटं फिरल्याच्या खुणा होत्या. वापरलेली कशाला दिली असेल, हे काही त्याला उमगेना. त्याने ती मागच्या खिशात कोंबली.

नववा डाव सुरू झाला तेव्हा दोन-दोन अशी बरोबरी होती. पाहुण्यांचा डेल्मर दुसऱ्या बेसवर पोचला. पुढच्याने मारलेला चेंडू घरंगळत एमिलकडेच आला. डेल्मर सुटला. तिसऱ्या बेसपाशी उभा असलेला त्यांचा मॅनेजर हात गरागरा फिरवून 'पळ, घर गाठ' सांगत होता. एमिलने चेंडू उचलून कोपर कानामागे नेलं आणि तसाच उभा राहिला. खांद्यात खिळा ठोकल्यासारखं झालं. संपलं सगळं, त्याला वाटलं.

डेल्मर तिसऱ्या बेसवर थांबला.

त्यांच्या मॅनेजरने टोपी जमिनीवर आपटली. पुढचा फलंदाज बाद झाला आणि पाहुण्यांची फलंदाजी संपली. एमिल बाकाकडे निघाला, डेल्मर मैदानाकडे. वाटेत दोघं समोरासमोर आले.

"डबी तुझी?" एमिलने ओठ न हलवता विचारलं.

"कसली डबी?"

"मग थांबलास का?"

"तुझा हात वाईट आहे म्हणतात," डेल्मर म्हणाला आणि निघून गेला.

मागे कापराचा वास रेंगाळला. तो डेल्मरच्या अंगाचा, की आपल्याच खिशाचा, हे एमिलला ठरवता येईना.

आता फलंदाजी एमिलच्या संघाची. एक धाव, की सामना खिशात. एमिल दुसऱ्या बेसवर होता, आणि चेंडू गेला तोही डाव्या मैदानात, डेल्मरकडे. एमिल जीव खाऊन धावला. तिसऱ्या बेसपाशी गस मॅकार्डल घसा फोडून ओरडत होता, "पळ रे! पळ! घरी चल!"

एमिलने बेस ओलांडताना मान वळवून पाहिलं. डेल्मर चेंडू घेऊन उभा होता. कोपर कानामागे. आता फेकेल, मग फेकेल. फेकत मात्र नव्हता. मेपासून एमिल रोज हेच करत आला होता.

की हा सापळा? ती डबी म्हणजे गळाला लावलेलं गांडूळ, आणि आपण घराच्या दारात बाद? आणि सापळा नसला तर? तर सामना आपला, आणि डेल्मरची मूठ वीस हजार लोकांसमोर उघडी.

तो थांबला. दयेने की भीतीने, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. घाईने मागे वळताना पाय घसरला आणि तो बेसवर धप्पकन बुडावर आपटला. मागच्या खिशात डबी कर्रकन चेपली. तिकडे डेल्मरने चेंडू जवळच्या गड्याकडे हलकेच टाकला, हात खालूनच झुलवत.

गस तोफेसारखा कडाडला, "अरे, माझी आजी काठी टेकत निघाली असती तरी पोचली असती! थांबलास कशाला?"

"त्याचा हात वाईट आहे, बॉस."

गस जरा निवळला. एमिलला उठवायला त्याने हात पुढे केला, आणि तो मध्येच थबकला. त्याच्या नाकपुड्या हलल्या. त्याने डाव्या मैदानाकडे पाहिलं. मग एमिलच्या मागच्या खिशावर पसरत चाललेल्या तेलकट डागाकडे पाहिलं.

"तुझ्याइतकाच?" त्याने हळूच विचारलं.