शटरच्या आत

शटर खाली आलं आणि जठारपेठेतल्या त्या साड्यांच्या दुकानात भर दुपारी अंधार झाला. दुकानदार देवरावांनी दिवे मालवले, पंखाही बंद केला.

"कोणी बोलू नका," ते कुजबुजले. "पोलिसांची गाडी आली."

कौशल्याबाई दुकानाच्या पार मागे, कापडाच्या गठ्ठ्याला टेकून बसल्या होत्या. मांडीवर आरतीसाठी निवडलेला डाळिंबी शालू. परवा चांदूर रेल्वेला पोरीचं लग्न, आणि आज तिच्या शालूसाठी चोरासारखं दडून बसायचं! काय दिवस आले होते मेले. आठ दिवसांचा बंद म्हणता म्हणता वर्ष उलटलं. एक हुकूम संपला की दुसरा तयार.

"सरकार पंचवीस माणसांत लग्न करा म्हणते," मघाशीच त्या देवरावांना म्हणाल्या होत्या. "पंचवीस त एकट्या माह्या माहेरची होतात. नवरदेवाले का बाहेर उभं ठेवू?"

दुकानातल्या सगळ्या बाया तेव्हा खदखदून हसल्या होत्या. आता कोणी हूं की चूं करत नव्हतं.

बाहेर बूट वाजले. काठी शटरवरून खरखरत गेली. देवरावांनी हात जोडले, पोलिसांना की देवाला कोण जाणे. सापडलो तर दंड होईल, दुकानाला सील लागेल, वर पेपरात नाव. पण कौशल्याबाईंना त्याची एवढी पर्वा नव्हती. त्यांची भीती घरी बसलेली होती. वसंतराव, त्यांचे यजमान, दम्याचे जुने पेशंट. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, "यांना कोरोना झाला तर माझ्या हातात काही राहणार नाही." तेव्हापासून कौशल्याबाईंनी त्यांना उंबरा ओलांडू दिला नव्हता. पेपर बंद, पाहुणे बंद. आरतीसुद्धा बापाशी दारातून बोलायची. बाहेरची कामं एकट्या कौशल्याबाई करायच्या आणि घरी आल्या की आधी आंघोळ, मग बाकी सगळं.

कोंडून कोंडून वसंतराव चिडके झाले होते. आज सकाळीही चहावरून कुरकुर.

"दूध करपलं हाये."

"कुठी करपलं? उगाच नखरे करू नका."

त्यांच्याच कपातला घोट कौशल्याबाईंनी घेऊन पाहिला. छान होता चहा. कप परत त्यांच्या हातात देत त्या म्हणाल्या, "प्या गुमान." प्यायले बिचारे.

शेजारी काहीतरी हललं. एक तरुण बाई त्यांना खेटून बसली होती. शटरखालून येणाऱ्या उजेडाच्या पट्टीत तिचा चेहरा अर्धवट दिसत होता. मास्कवर तिनं ओढणी गच्च दाबली होती. डोळ्यांतून पाणी. अंग मधूनच हिसके देत होतं.

कौशल्याबाईंनी ओळखलं. ही खोकला दाबते आहे.

सरकायला जागा नव्हती. मागे गठ्ठा, बाजूला भिंत, पुढे ही. त्यांनी गळ्यातली पुरचुंडी चाचपली. कापूर आणि ओवा, वसंतरावांनी स्वतः बांधून दिलेला. मास्क खाली करून त्यांनी ती नाकाशी धरली. कापरातही हल्ली काही राम राहिला नव्हता, नुसतं मेण विकतात दुकानदार.

पुढच्या बायांच्याही लक्षात आलं असावं. एकीनं नाकाला पदर लावला, मग दुसरीनं. एकेक जण बसल्या बसल्या पुढे, शटरकडे सरकू लागली. मागच्या कोपऱ्यात ती बाई आणि कौशल्याबाई, दोघीच उरल्या. देवा, मला काय व्हायचं ते होऊ दे, पण ह्यांच्यापर्यंत जाऊ देऊ नको.

त्या बाईला पुन्हा उबळ आली. कौशल्याबाईंनी श्वास रोखून धरला. छाती फुटायची वेळ आली तरी सोडला नाही.

अखेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. लांब गेला. देवरावांनी दिवे लावले आणि कौशल्याबाई ताडकन उठल्या.

"काहून वो, लाज नाही वाटत? बिमार असलं त घरी बसाव ना! माह्या घरी दम्याचा माणूस हाये!"

ती बाई भांबावली. "बिमार? मी कायची बिमार, काकू? मले उलटी येऊन राहिली होती." तिनं नाक दाबूनच बोट दाखवलं. "तुमच्या मागं पाहा ना."

देवरावांनी गठ्ठा ओढला. मागे उंदीर मरून पडला होता, फुगलेला, आळ्या लागलेला. बाया किंचाळत शटरकडे धावल्या.

"माफ करा," देवराव नाकाला रुमाल लावून म्हणाले. "दुकान बंद राहते, मंग उंदरांचंच राज्य. लाइट बंद करतपर्यंत इतकं जाणवलं नाही, पंखा थांबला आन् डोकं फुटाची पाळी आली." मग ते थबकले. "पण वयनी, तुमी त टेकूनच बसल्या होत्या त्याले."

कौशल्याबाईंनी पुरचुंडीची गाठ सोडली. कापराची वडी चिमटीत चुरली, नाकाशी नेली. आणखी चुरली, पुन्हा नेली. शालू मांडीवरून केव्हाच खाली घसरला होता. त्यावर पाय देतच त्या बाहेर आल्या आणि घरी फोन लावला.

"अहो," त्या म्हणाल्या, "सकाळचं दूध खरंच करपलं होतं का?"